उचल, कोयता आणि हंगाम : बीड जिल्ह्यातल्या रोजगाराचा हिशेब

बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत, पण रोजगाराच्या दृष्टीने पाहिले तर जिल्हे दोनच दिसतात. एक गोदावरीकाठचा. गेवराई-माजलगावची गंगथडी, काळी जमीन, जायकवाडीचे आणि माजलगाव धरणाचे पाणी, कापूस आणि ऊस. दुसरा बालाघाटाच्या माथ्यावरचा. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी आणि केज-आष्टीचा बराचसा भाग या दुसऱ्या जिल्ह्यात मोडतो. तिथली जमीन हलकी, मुरमाड. खरिपाचे एक पीक पदरात पडले की विहिरी तळ गाठतात आणि शेतात दुसऱ्याच्या हाताला द्यायला कामच उरत नाही. पहिल्या भागात वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही म्हणून शेतकरी त्रस्त असतो. त्याच महिन्यांत दुसऱ्या भागातली गावे ओस पडतात आणि घराला राखण म्हणून म्हातारी माणसे मागे राहतात. जिल्ह्यात काम आहे की नाही, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात आणि कोणाच्या मध्यस्थीने, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात.

आकडेवारीवर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती आणि दर पाच माणसांत चार खेड्यात राहत होती. वर्षात सहा महिने किंवा अधिक काम मिळालेल्याला जनगणना मुख्य कामगार म्हणते, त्याहून कमी काम मिळालेल्याला सीमांतिक. व्याख्या सरळ आहे. घोळ मोजणीच्या तारखेत आहे. शिरगणती झाली फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गाळप हंगामात. त्या वेळी माथ्यावरची हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या फडांवर किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात होती. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीखही १ मार्च २०२७ हीच आहे. गावपातळीवर नियोजन करणाऱ्या सरपंचाने, ग्रामसेवकाने किंवा शिक्षकाने म्हणून छापील तक्त्याआधी गावाची स्वतःची यादी करावी: दसऱ्याला किती कुटुंबे गावात होती, संक्रांतीला किती राहिली. या दोन आकड्यांतला फरक गावच्या बेकारीविषयी कुठल्याही अहवालापेक्षा जास्त सांगतो. राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यातला एक तास काम केलेला माणूसही रोजगार असलेला धरला जातो, एवढे माहीत असले की बेकारीचा दर कमी दिसला तरी बुचकळ्यात पडायला होत नाही.

वर्षाचे वेळापत्रक असे. मृगापासून पेरणी, मग खुरपणी, भाद्रपदापासून सोयाबीनची काढणी. हे महिने गावातल्या गावात मजुरी देतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. जिनिंगच्या कारखान्यांत हमालीचे काम हिवाळ्यात असते, वीटभट्ट्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात, टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि मग पावसाची वाट. सर्वात अडचणीचे महिने ज्येष्ठ ते श्रावण. बियाणे, खत, शाळेची वह्या-पुस्तके, लग्नाचे देणे, दवाखाना, सारे याच दिवसांत येते आणि घरात रोकड नसते. नेमका याच वेळी टोळी जमवणारा मुकादम उचल घेऊन दारात येतो.

उचल म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम. कारखाना किंवा त्याचा वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम ते कोयत्यांत वाटतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. बाहेरच्यांना वाटते की मजुरीचा भाव फडात ठरतो. तसे नाही. टनाचा दर ठरतो राज्य पातळीवर, साखर संघ आणि कामगार संघटनांच्या करारात. पण कुटुंबाच्या हाती प्रत्यक्षात काय पडणार, हे उचल घेतली त्या दिवशीच ठरून गेलेले असते. म्हणून बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच, की हिशेब जायच्या आधी करावा. परत आल्यावर केलेल्या हिशेबाचा उपयोग फक्त वाद घालायला होतो.

हा हिशेब अवघड नाही. जानेवारी २०२४च्या तडजोडीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक धडधाकट जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते, बांधते आणि गाडीत भरते. म्हणजे दोघांची मिळून रोजची कमाई ७३२ रुपये, एकाची ३६६. आता उचल एक लाखाची असेल तर ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. रोज दोन टनांनी १३७ दिवस. एकही दिवस आजारपण नाही, गाडी उशिरा आली नाही, फडात पाणी साचले नाही, असे धरून. गाळप इतके लांबेलच याची खात्री कोणी देत नाही. २०२४-२५मध्ये राज्यातल्या बऱ्याच कारखान्यांचे गाळप शंभर दिवसही चालले नाही. शिवाय किराण्यासाठी आठवड्याला मिळणारी खर्ची याच खात्यावर चढते. उरलेली रक्कम पुढच्या वर्षावर जाते, तिला गावात बाकी म्हणतात, आणि मुकादम बदलायची सोय तिथेच संपते. उचल जितकी मोठी तितका मुकादम चांगला, हा समज म्हणूनच घातक आहे. अपेक्षित दिवस गुणिले दोन टन गुणिले दर, त्यातून खर्ची वजा. जो आकडा येईल त्याच्या आत उचल घ्यावी.

पैसे घेताना कागद करावा, आणि तो दोघांकडे असावा. मुकादम बहुधा कोऱ्या स्टँपवर किंवा कोऱ्या धनादेशावर सही मागतो. ती देऊ नये. कागदावर रक्कम, तारीख, कारखान्याचे नाव, टनाचा दर आणि खाड्याची अट आकड्यात लिहून घ्यावी. खाडा म्हणजे गैरहजेरीचा दंड. एका दिवसाचा खाडा पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त लावला जातो, म्हणजे एकट्याच्या दिवसभराच्या कमाईपेक्षा अधिक. बाळंतपण, ताप, मयत यांना खाडा लागणार की नाही, हे आधीच बोलून घेतलेले बरे. फडात ते बोलायला कोणाला तोंड नसते. मुकादमाचे कमिशन कारखाना वेगळे देतो, तेव्हा ते मजुराच्या मजुरीतून कापले जात असेल तर तिथेच हरकत घ्यावी.

वजनाची बाब वेगळी. ऊस तोडतो मजूर, पण मोजला जातो कारखान्याच्या काट्यावर, आणि मजूर तेव्हा पुढच्या फडात असतो. पावती गाडीवानाकडे किंवा वाहतूकदाराकडे राहते. टोळीतल्या एका लिहित्या-वाचत्या माणसाने रोज खेपेचा क्रमांक, तारीख आणि वजन वहीत उतरवावे आणि पावतीचा मोबाइलवर फोटो ठेवावा. टोळीतल्या पोरी आता दहावी-बारावी झालेल्या असतात. हे काम त्या चोख करतात. हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या वहीशी ताडून पाहायला दुसरी वही असली की आवाज आपोआप खाली येतो. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून येणारे पैसे कोणाचे, हेही सुरुवातीलाच ठरवावे. रक्कम किरकोळ वाटते, पण तेलमीठ त्यावर भागते.

बाकी फिटली नाही म्हणून माणूस अडवून ठेवणे, बैल किंवा सामान ओढून नेणे, घरातल्या एखाद्याला कारखान्यावर बसवून ठेवणे, हे सारे वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, १९७६ याखाली गुन्हा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येतेच, पण तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी यांच्याकडेही लेखी द्यावी, कारण मुक्तता करण्याचे आणि त्या कर्जातून सोडवण्याचे अधिकार महसूल यंत्रणेला आहेत. दुसरी बाजूही सांगायला हवी. उचल घेऊन फडावर न जाणाऱ्या टोळ्याही असतात आणि त्यात मुकादम बुडतो. मुकादमही बहुतेक वेळा त्याच गावचा, कालपर्यंत स्वतः कोयता चालवणारा. दोन मुकादमांची उचल एकाच हंगामात घेणे हा सुटकेचा मार्ग नाही, त्यातून फौजदारी मागे लागते.

निघण्याआधी कागदपत्रांचे काम उरकावे. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र घ्यावे आणि ते बायकोच्या नावाचे वेगळे घ्यावे. कोयता जोडीचा असला तरी हिशेब पुरुषाच्या नावाने चालतो. ओळखपत्र नसेल तर बाई कामगार म्हणून कुठल्याच नोंदीत येत नाही आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांतूनही बाहेर राहते. रेशनकार्डाला आधार जोडलेले असेल तर धान्य दुसऱ्या जिल्ह्यात, कर्नाटकातही, उचलता येते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा गावात आणि बाकीचा फडाजवळच्या दुकानात, असेही करता येते.

मुलांसाठी दोन वाटा आहेत. पहिली, समग्र शिक्षा अभियानातून गावात चालणारे हंगामी वसतिगृह. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांची जेवणाची सोय तिथे होते. ते आपोआप सुरू होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने स्थलांतर करणाऱ्या पालकांची यादी जोडून मागणी करायची असते आणि ती दसऱ्याआधी गेली नाही तर निम्मा हंगाम मंजुरीत जातो. दुसरी वाट शिक्षण हमी पत्रकाची. मूल बरोबर न्यावेच लागले तर हे पत्रक मुख्याध्यापकांकडून घ्यावे, म्हणजे फडाजवळची शाळा दाखल्याशिवाय बसवून घेते. थोरल्या मुलीला धाकट्यांना सांभाळायला कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, नेले जाते. तिची शाळा सुटते ती बहुधा कायमची. या एका कारणासाठी तरी पहिली वाट बरी.

बायकांच्या आरोग्याबद्दल स्पष्ट बोलावे लागते. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९मध्ये राज्यभर चर्चेत आले, सरकारने चौकशी समिती नेमली, आणि बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक केले गेले. अंगावरून जाणे, पोटदुखी यांवर पिशवी काढा असा सल्ला मिळाला तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवल्याशिवाय होकार देऊ नये. पाळी म्हणजे खाडा, आणि पिशवी काढली की खाडा गेला, हा फडातला हिशेब पुढची वीस वर्षे अंगावर निघतो.

गावातच राहू इच्छिणाऱ्यांसाठी पहिले नाव रोजगार हमीचे. ही योजना महाराष्ट्राचीच. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पाठपुराव्याने ती राज्यभर पसरली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याने ती देशभर नेली. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवसांची हमी १००वरून १२५वर नेली आहे आणि शेतीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा आहे. कायदा जुना असो वा नवा, मजुराच्या बाजूने एकच गोष्ट निर्णायक ठरते: मागणी लेखी द्यायची आणि तारखेची पोच घ्यायची. पोच असेल तर पंधरा दिवसांत काम किंवा बेकारभत्ता मागता येतो. तोंडी मागितले तर ग्रामपंचायतीच्या लेखी गावात कोणी बेकार नसतोच. एकट्याने अर्ज देण्यापेक्षा वीस-पंचवीस जणांनी एकत्र द्यावा आणि तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच द्यावा, कारण मागणी, मंजुरी आणि हजेरीपट निघेपर्यंत टोळ्यांची निघायची वेळ होते. मजुरी उशिरा येते, हे या कामाचे खरे दुखणे. ज्याला आषाढात रोख हवी, त्याला हमीची मजुरी उचलीला पर्याय ठरत नाही. बचतगटाचे कर्ज त्याच्या जोडीला असेल तरच ठरते.

रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांपेक्षा वैयक्तिक लाभाची कामे माथ्यावरच्या कुटुंबाला जास्त टिकाऊ पडतात. सिंचन विहीर, फळबाग, आणि गेल्या काही वर्षांत रेशमासाठी तुती. एक एकर तुती आणि एक कीटकसंगोपनगृह एवढ्यावर वर्षातून चार-पाच पिके निघतात, प्रत्येक पीक महिनाभराचे. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावे लागे. आता बीडच्या बाजार समितीत कोषांची खरेदी होते. पाणी थोडे लागते, पण ते उन्हाळ्यातही लागते, हे विसरून तुती लावणारे फसतात. माणूसही रोज लागतो. जे कुटुंब चार महिने बाहेर जाणार, त्याने हा धंदा धरू नये. सीताफळाचे उलट आहे. बालाघाटातल्या सीताफळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, झाड कमी पाण्यावर येते आणि फळ टोळ्या निघण्याच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात तयार होते. अडचण एवढीच की पिकलेले फळ दोन दिवस टिकत नाही आणि व्यापारी हे पुरते ओळखून असतो. गर काढून गोठवणाऱ्या लहान उद्योगाला केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान आहे. मात्र शीतगृहाचे वीजबिल अनुदानात येत नाही, ते आधी मांडून पाहावे.

शिकलेल्या मुलांची वाट पुण्याकडे जाते. चाकण, रांजणगाव, किंवा इकडे संभाजीनगरला वाळूज. बहुतेकांना काम मिळते ते कंपनीत पण कंपनीचे नव्हे, ठेकेदाराचे. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि नियुक्तिपत्र देणे सर्वांना बंधनकारक झाले; तेव्हा पहिल्या दिवशी तेच मागावे. भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक एकदा मिळाला की ठेकेदार बदलला तरी तोच पुढे चालवावा. ठेकेदार सोपे पडते म्हणून नवा क्रमांक काढतो आणि पोरगा दर दिवाळीला निधी काढून घेतो. दोन्हींमुळे सेवेची सलग वर्षे तुटतात आणि निवृत्तिवेतनाला लागणारी दहा वर्षे भरत नाहीत. मासिक पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड मिळते आणि त्यात आईवडीलही बसतात, ही गोष्ट गावाकडच्या फार थोड्या घरांना ठाऊक असते. पगाराचा आकडा ऐकून हुरळू नये. खोलीभाडे, मेस आणि ये-जा वजा केल्यावर हातात काय उरते, ते आधी गेलेल्या गावकऱ्याकडून समजून घ्यावे. आयटीआयचा फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा वेल्डरचा दाखला असेल तर शिकाऊ उमेदवारीतून जावे. पहिल्या वर्षी पैसे कमी मिळतात, पण हेल्पर म्हणून लागलेला हेल्परच राहतो.

सरकारी भरतीचे मात्र वेगळे. बीड, अंबाजोगाई, केज इथल्या अभ्यासिकांत आणि पहाटेच्या मैदानांवर जी गर्दी दिसते, ती जिल्ह्याच्या रोजगाराचाच भाग आहे, फक्त तिला मजुरी मिळत नाही. पोलीस शिपाई भरतीची वयोमर्यादा खुल्या गटाला २८ आणि मागास गटांना ३३ असल्याने दहा-दहा वर्षे तयारीत घालवता येतात, आणि घालवली जातात. तयारी करू नये असे नाही. वर्ष ठरवून करावी, आणि त्या वर्षांत हाताशी एक कसब किंवा दाखला जमवावा. पंचविशीनंतर नुसता बीए घेऊन चाकणला उभा राहणारा मुलगा अठराव्या वर्षी आयटीआय करून आलेल्याच्या हाताखाली लागतो, आणि ते त्याला आयुष्यभर सलते.

ऊसतोडीच्या कामाची मागणी स्वतःच बदलते आहे. राज्याने २०२३मध्ये ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये अनुदानाची योजना आणली. यंत्राला रुंद सरीचा, सलग मोठा फड लागतो. तुकड्यांच्या, चिखलाच्या आणि आडव्या पडलेल्या उसात ते चालत नाही. त्यामुळे कोयता एका वर्षात संपणार नाही, पण सोपे फड यंत्राकडे आणि अवघड फड माणसाकडे अशी वाटणी होत जाईल आणि दिवसाला दोन टनांचा अंदाज खाली येईल. उचलीचा हिशेब मांडताना यापुढे कारखान्याबद्दल आणखी दोन प्रश्न विचारावे लागतील: यंत्रे किती आहेत, आणि टोळीला मिळणारा फड कुठल्या गटातला आहे. ज्या मुकादमाला ही उत्तरे माहीत नाहीत, त्याची उचल घेण्याआधी दुसऱ्याकडे चौकशी करावी.